दलालाविना फ्लॅट: जाहिरात न झालेलं घर थेट मालकाकडून गुंतवणुकीसाठी कसं घ्यावं

रीसेल फ्लॅटच्या व्यवहारात दलाल साधारण एक ते दोन टक्के घेतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून. ६० लाखांच्या फ्लॅटला तुमच्या खिशातून ६० हजार ते सव्वा लाखाच्या आसपास जातात. ते वाचवायला लोक थेट मालकाच्या शोधात निघतात, पण खरी कमाई तिथे नसतेच. ज्या घराची जाहिरात झालेली नाही, त्याला त्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक आलेलं नसतं. 'अजून दोन पार्ट्या तयार आहेत' असं फोनवर सांगणारं मधे कोणी नसतं. कागद तपासायला महिनाभर मिळतो. बदल्यात दलालाची तीन कामं तुमच्या गळ्यात पडतात: घर शोधणं, भाव ठरवणं आणि नोंदणीच्या दिवसापर्यंत दोन्ही बाजूंना टेबलावर बसवून ठेवणं. तिसरं काम सगळ्यात जड, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

इथे जे सांगितलं आहे ते महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या जुन्या फ्लॅटपुरतं. जमिनीला हे लावू नका. शेतजमीन तर महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय घेताच येत नाही, वर तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला बंदी) आणि भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) ही प्रकरणं वेगळी. बँकेच्या लिलावातली घरंही यात नाहीत. तिथे जाहिरात होते आणि ताब्याची कटकट घेणाऱ्याच्या माथी येते.

आधी हिशोब

घर पाहायच्या आधी पाटीवर आकडे मांडा. उदाहरणार्थ, पुण्यात ६० लाखांत ठरलेला फ्लॅट. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ४,२०,०००. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,०००. वकील आणि शोध अहवाल मिळून ३५,००० धरू. घर नावावर करताना सोसायटी घेते तो प्रीमियम २५,०००. रंग, प्लंबिंग, वायरिंग, एखादा दरवाजा: दीड लाख. घर पडलं ६६ लाख ६० हजारांना.

आता भाडं १८,००० धरा आणि वर्षातला एक महिना घर रिकामं धरा. आले १,९८,०००. त्यातून मेंटेनन्स महिना ३,००० प्रमाणे ३६,०००, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते) सुमारे २,४००, घरपट्टी ६,०००, किरकोळ दुरुस्ती १०,०००. हातात उरले १,४३,६००. म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्क्यांच्या आत. त्यावर आयकर वेगळा.

हा आकडा बघून घाबरू नका, पण त्याच्याकडे काणाडोळाही करू नका. मोठ्या शहरांत निव्वळ भाड्यावर घर परवडत नाही. गुंतवणूक म्हणून ते परवडतं ते दोन कारणांनी: खरेदीचा भाव त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांपेक्षा खरोखर कमी असेल, किंवा पुढची वाढ ठोस कारणाने दिसत असेल. पहिलं कारण तुमच्या हातात आहे, म्हणूनच ही सगळी खटपट.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस बहुतेक नवे गुंतवणूकदार धरतच नाहीत. घर भाड्याने दिलं की सोसायटी ते लावू शकते, मात्र सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही, आणि सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. ऑगस्ट २००१ पासून ही मर्यादा आहे. तरीही सरसकट महिना हजार-दोन हजार आकारणाऱ्या सोसायट्या भेटतात. घेण्याआधी मालकाचं मेंटेनन्सचं बिल मागून त्यातल्या ओळी वाचा. पुण्यात आणखी एक गोष्ट: स्वतः राहत असलेल्या घराला घरपट्टीत ४० टक्के सवलत असते. मालक स्वतः राहत असेल तर त्याचं आजचं घरपट्टीचं बिल तुम्हाला लागू होणार नाही. घर भाड्याने गेलं की आकडा वाढतो.

न दिसणारी घरं कुठे सापडतात

एक-दोन किलोमीटरचा एकच पट्टा निवडा आणि त्यातल्या वीस-पंचवीस सोसायट्यांची वही करा. सगळं शहर धुंडाळणाऱ्याला काहीच सापडत नाही. प्रत्येक सोसायटीत किती फ्लॅट, किती मजले, लिफ्ट आहे का, कुठली घरं कायम बंद दिसतात, एवढं लिहा. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला चक्कर मारली की अंधाऱ्या खिडक्या आपोआप कळतात.

बंद घरामागे बहुधा चारपैकी एक गोष्ट असते: मालक परदेशी, मालक वारलेले आणि वारस वेगवेगळ्या गावी, वृद्ध जोडपं मुलांकडे राहायला गेलेलं, किंवा भाडेकऱ्यांना कंटाळलेला मालक. यातल्या प्रत्येकाला घर विकायचं असू शकतं, पण दलालांच्या फोनांचा जाच नको असतो.

खबर मिळते ती वॉचमन, इस्त्रीवाला, सोसायटीचा मॅनेजर आणि सेक्रेटरी यांच्याकडून. वॉचमनला चहापाण्याला दिलंत तर हरकत नाही, पण टक्केवारी कबूल करू नका. केलीत की तोच दलाल झाला, आणि रेराकडे, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदणी नसलेला. सेक्रेटरीकडे सरळ जा, 'भाड्याने द्यायला घर घ्यायचंय, भाडेकरू कुटुंबच ठेवणार' असं सांगा. सोसायटीची भीती नेमकी तिथेच असते.

एक वाट फार कमी लोक वापरतात. मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिसा वाचा. 'अमुक सोसायटीतील फ्लॅटचे मूळ शेअर सर्टिफिकेट गहाळ झाले आहे' किंवा 'सभासद मयत झाले असून वारसाने सभासदत्वासाठी अर्ज केला आहे' अशी नोटीस आली की त्या घरात कागद जुळवणं सुरू झालेलं असतं. सगळे विकतातच असं नाही, पण विक्रीच्या आधीचं पाऊल बहुधा हेच. अशा घरी लगेच धडकू नका. घरात नुकतंच कोणी गेलेलं असू शकतं. महिन्या-दीड महिन्याने पत्र पाठवा.

पत्र छोटं आणि हाताने लिहिलेलं असावं, छापील पत्रक नको. मजकूर असा पुरतो: 'आपला फ्लॅट आपण कधी विकण्याचा विचार करत असाल तर मला थेट आपल्याकडून घ्यायला आवडेल. मी दलाल नाही. खरेदी पूर्ण चेकने किंवा बँकेमार्फत होईल. घाई नाही, विचार झाल्यावर या क्रमांकावर कळवावे.' खाली पूर्ण नाव आणि पत्ता. 'पूर्ण चेकने' हे शब्द गाळू नका. रोखीचा भाग देऊ करणारी माणसं जास्त भेटतात आणि सरळ मालक त्यांना टाळतो.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

भावाचा विषय दुसऱ्या भेटीला. पहिल्या भेटीत पाच गोष्टी काढून घ्या: घर कोणाकोणाच्या नावावर आहे, त्यातले सगळे हयात आहेत का, घरावर कर्ज आहे का, मूळ कागद कुठे आहेत, आणि मालक भारतात राहतात की परदेशात. शेवटचा प्रश्न औपचारिक वाटतो, पण त्याच्या उत्तरावर टीडीएसचा, म्हणजे विक्रेत्याला पैसे देताना कापून सरकारला भरायच्या कराचा, सगळा खेळ बदलतो, तो पुढे येईलच.

विकण्याचं कारणही विचारा. 'मुलाला तिकडे घर घ्यायचंय' या उत्तराला तारीख असते. तारीख असलेला मालक भावात थोडं सोडतो पण उशीर सहन करत नाही. कारण नसलेला मालक भाव धरून बसतो आणि कधीही मागे फिरतो. अशांवर वकिलाचा खर्च इसार होईपर्यंत करू नका.

भाव: इंडेक्स टू वाचायला शिका

संकेतस्थळांवरचे भाव हे मागणीचे भाव. खरा भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये मिळतो. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, उघडते. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं, दस्ताची तारीख, भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं असतं.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. एक, मिळकत क्रमांक. एकाच इमारतीचे काही दस्त सर्व्हे नंबरने, काही सिटी सर्व्हे नंबरने आणि काही प्लॉट नंबरने चढवलेले असतात. तिन्ही टाकून शोधलं नाही तर अर्धे व्यवहार दिसत नाहीत. दोन, क्षेत्रफळ. एका दस्तात कार्पेट (भिंतींच्या आतलं), दुसऱ्यात बिल्टअप (भिंती धरून), कुठे चौरस मीटर, कुठे चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. सगळे आकडे कार्पेट चौरस फुटांवर आणूनच तुलना करा. मालक 'हजार फूट' म्हणतो ते बहुधा जुन्या बिल्डरचे सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, असतात. टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि मालकासमोर केलं तर वाटाघाटही अर्धी होऊन जाते.

त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या समवयस्क इमारतीतले गेल्या वर्षभरातले चार-पाच व्यवहार मिळाले की सरासरी काढा. त्यातला एखादा फारच स्वस्त दिसला तर देणारे-घेणारे आडनाव बघा, घरातल्या घरात झालेला व्यवहार असू शकतो. मग मजला, लिफ्ट, पार्किंग यांची वजाबाकी करा.

भाव खाली खेचताना एक तळ आहे, रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाच्या दरपत्रकाचा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. त्याशिवाय ठरलेली किंमत सरकारी मूल्यांकनापेक्षा फारच कमी असेल, म्हणजे मूल्यांकन किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वर असेल, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. विकणाऱ्यालाही वाढीव किमतीवरच भांडवली नफा मोजावा लागतो. जुन्या इमारतीच्या मूल्यांकनात घसारा मिळतो, पण वयाचा पुरावा लागतो: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेल्या परवानगीचा दाखला) किंवा जुनी घरपट्टी. तो कागद सोबत नसेल तर घसारा सुटतो आणि शुल्क उगाच जास्त भरलं जातं.

कागद

मालक सज्जन आहे, शेजारी चांगलं बोलतात, याला इथे शून्य किंमत. बहुतेक घोळ लबाडीचे नसतात, तीस वर्षांच्या आळसाचे असतात.

पहिली गोष्ट म्हणजे चेन. बिल्डरने पहिल्याला विकलं तो करार, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने आजच्या मालकाला: प्रत्येक करार मूळ स्वरूपात, मुद्रांकित आणि नोंदणीकृत हवा. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हीच साखळी हस्तांतरणाच्या नोंदींत दिसते. दोन्ही शेजारी ठेवून नावं आणि तारखा जुळवा. मधला एखादा व्यवहार नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नी) आणि साध्या करारावर झालेला असेल तर थांबा. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. जुन्या दस्तांवर मुद्रांक कमी भरलेला असतो तोही पुढे बँक अडवते. ती तूट विकणाऱ्याने भरायची हे इसारातच लिहा.

दुसरी, वारस. 'बाबांनी माझं नॉमिनेशन केलं होतं, आता घर माझंच' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो. वडील वारले असतील तर आई, सगळी भावंडं आणि वारलेल्या भावंडांची मुलं यांची यादी करा. ज्यांना हिस्सा नको त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा सगळ्यांनीच करारावर विक्रेते म्हणून सह्या करायच्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना धरायला लोक विसरतात, आणि दावा तिथूनच येतो. वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, असेल तर पालकाची सही पुरत नाही. न्यायालयाची परवानगी लागते आणि तिला महिने जातात.

तिसरी, कुलमुखत्यारपत्र. परदेशी मालकाच्या वतीने भाऊ किंवा मेहुणा सही करणार असेल तर ते पत्र भारतीय दूतावासासमोर केलेलं किंवा रीतसर प्रमाणित करून आणलेलं आहे का, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरला का, हे बघा. त्यात 'विकण्याचा आणि मोबदला स्वीकारण्याचा' अधिकार शब्दांत लिहिलेला हवा. देणारा माणूस वारला की ते पत्र त्या क्षणी संपतं. म्हणून करारापूर्वी मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला, आणि पैसे मात्र मालकाच्याच खात्यात जातील असं पाहा.

चौथी, इमारत. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) किंवा, बिल्डरने ते करून दिलं नाही तर सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवलेलं, मानीव अभिहस्तांतरण. ते नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी बिल्डर किंवा जुना जमीनमालक हजर होतो. भोगवटा नसलेल्या घराला अनेक बँका कर्ज देत नाहीत. म्हणजे उद्या तुमच्याकडून घेणाराही कमी. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची असेल तर हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शुल्क लागतं. म्हाडा आणि सिडकोच्या घरांना त्यांचं हस्तांतर शुल्क. झोपडपट्टी पुनर्वसनातली घरं ठराविक वर्षं विकता येत नाहीत आणि ती स्वस्त का मिळतात याचं उत्तर तिथेच आहे. पागडीचं घर म्हणजे मालकी नव्हे, तो पूर्ण वेगळा व्यवहार.

इमारत १५ वर्षांपुढची असेल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावली) पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. शेवटचा अहवाल आणि गेल्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. 'गळतीसाठी प्रत्येकी दीड लाख वर्गणी' असा ठराव इतिवृत्तात असतो, मालकाच्या बोलण्यात नसतो.

पार्किंगबद्दल एवढंच: खांबांखालचं किंवा उघडं पार्किंग बिल्डर वेगळं विकू शकत नाही, हे २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. बिल्डरची पावती दाखवली तर सोसायटीचं वाटपाचं पत्र मागा. ते नसेल तर पार्किंगला शून्य भाव.

हे सगळं वकिलाला द्या, आणि विकणाऱ्याचा वकील तुमचा वकील होऊ देऊ नका. त्याने ३० वर्षांचा शोध घ्यावा, ऑनलाइन नोंदी जिथे संपतात त्याच्या मागचा शोध दुय्यम निबंधक कार्यालयात हाताने व्हावा, आणि एक मराठी व एक इंग्रजी दैनिकात १४ दिवसांच्या हरकतीची जाहीर नोटीस द्यावी. नोटिशीचे काही हजार रुपये वाचवू नका. एखादा दुखावलेला भाऊ बोलायचाच असेल तर तो इसारानंतर बोलण्यापेक्षा आधी बोललेला बरा.

घरावर कर्ज असेल तर

कर्ज असलेलं घर वाईट नसतं. बँकेने एकदा कागद तपासलेले असतात. फक्त क्रम चुकवू नका. विक्रेत्याने बँकेकडून दोन पत्रं आणायची: कर्जफेडीची रक्कम तारखेसह, आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. तुमच्या पैशांतला तेवढा भाग चेकवर कर्जखात्याचा क्रमांक घालून थेट बँकेला द्या. विक्रेत्याच्या बचत खात्यात टाकून 'तुम्ही भरून टाका' असं कधीही नको. कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात आणि उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सेरसाईवर (गहाणांची केंद्रीय नोंदवही) आणि इंडेक्स टूमध्ये बोजाची नोंद काढली गेली का तेही बघा. दुसरं, न सांगितलेलं कर्ज बहुधा तिथेच सापडतं.

इसार आणि पैशांची चाल

सूत्र एकच: पैसा कागदाच्या एक पाऊल मागे. बोलणी ठरली की इसार म्हणून लाख-दीड लाख, तेही चेकने, आणि दोन पानी इसारपावती. तिच्यात किंमत, मुदत (४५ ते ६० दिवस), कोणते कागद विक्रेता कधी देणार, थकबाकी कोणाची, सोबत काय राहणार (पंखे, किचनची कपाटं, गीझर), आणि कागदात दोष निघाला तर किती दिवसांत इसार परत, एवढं हवं. 'कर्ज नामंजूर झालं तर इसार परत' ही ओळ दलाल नसताना कोणी आपणहून घालत नाही, तुम्ही घाला. ताब्याची भाषा इसारपावतीत नको, नाहीतर त्या कागदावर पूर्ण मुद्रांक शुल्क मागितलं जाऊ शकतं.

त्यानंतर करारनामा, नोंदणीसह. त्या दिवशी साधारण १० ते २० टक्के. उरलेली रक्कम बँकेकडून किंवा तुमच्या खात्यातून ताब्याच्या दिवशी. शेवटचे एक-दोन लाख मूळ कागद, किल्ल्या आणि सोसायटीचं ना-थकबाकी पत्र हातात पडेपर्यंत धरा. विक्रेता कुरकुरतो, पण इसारातच लिहिलेलं असेल तर भांडण होत नाही.

रोख देऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो, आणि तुमच्या बाजूने पाहिलं तर रोख दिलेला प्रत्येक रुपया उद्या विकताना तुमच्या खरेदी किमतीत धरता येत नाही. म्हणजे त्यावरचा नफ्याचा कर तुम्ही भरणार.

टीडीएस मात्र घेणाऱ्याचं काम, आणि दलाल-सीए नसलेल्या व्यवहारात हेच राहून जातं. किंमत किंवा सरकारी मूल्यांकन ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कापा आणि ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत भरा. दोन्हींपैकी जी रक्कम जास्त तिच्यावर हिशोब. विक्रेते दोघे आणि घेणारे दोघे असतील तर प्रत्येक जोडीचं वेगळं चलन-विवरण, आणि ५० लाखांची मर्यादा एकूण व्यवहाराला बघायची, एकेकाच्या हिश्श्याला नाही. उशिराला दिवसाला २०० रुपये. विक्रेत्याचं पॅन आधारला जोडलेलं नसेल तर दर एकदम २० टक्के होतो, म्हणून इसाराआधीच पॅन तपासा. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले. टीडीएसच्या या चलन-विवरणाला जुने लोक अजून '२६ क्यूबी' असंच म्हणतात.

मालक अनिवासी असेल तर हा १ टक्का विसरा. तिथे ५० लाखांची मर्यादाही नाही आणि दर दीर्घ मुदतीच्या नफ्याचा, १२.५ टक्के अधिक अधिभार आणि सेस. मालकाने आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नाही तर कपात पूर्ण किमतीवर करावी लागण्याची वेळ येते. ते प्रमाणपत्र यायला आठवडे लागतात, म्हणून इसाराची मुदत तशी ठेवा. कापलं नाही तर खातं तुमच्याकडे वसुलीला येतं, कारण मालक तोवर विमानात बसलेला असतो.

नोंदणीचा दिवस

मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के. पुणे, ठाणे, नागपूर इथे ७ टक्के, मेट्रो अधिभार धरून. घर फक्त स्त्रियांच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. ६० लाखांवर हे ६०,००० होतात, म्हणजे दलालीइतकेच. नावात एक पुरुष आला की सवलत गेली. शुल्क सरकारच्या ग्रास या ऑनलाइन प्रणालीवर ई-चलनाने भरा, पण मसुद्यावर दोन्ही बाजूंची मान्यता आणि सगळ्या सह्या करणाऱ्यांची तारीख पक्की झाल्यावरच. भरलेलं शुल्क परत मिळवणं दमवणारं काम आहे.

दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरून ठेवा. नाव, पॅन, क्षेत्रफळ आणि मिळकत क्रमांक जसाच्या तसा, कारण इंडेक्स टूमध्ये तेच उतरतं आणि चूक झाली तर चूकदुरुस्ती लेखासाठी सगळ्यांना पुन्हा आणावं लागतं. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हायला हवी. दुय्यम निबंधकांकडे दोन्ही पक्ष, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. वृद्ध विक्रेत्यांचे अंगठे यंत्रावर उमटत नाहीत. सकाळची वेळ घ्या आणि हात धुऊन-पुसून बसवा, निम्म्या वेळा तेवढ्याने काम होतं.

ताबा आणि नंतरचं

ताब्याच्या दिवशी वीजमीटरचा आकडा आणि क्रमांक यांचा फोटो घ्या, त्या दिवसापर्यंतचं बिल विक्रेत्याकडून भरून घ्या. वीज, पाणी, घरपट्टी, मेंटेनन्स यांची थकबाकी व्यवहारात घराला चिकटून येते. ताबापावतीवर दोघांच्या सह्या, किल्ल्यांची संख्या लिहून. कुलूप त्याच संध्याकाळी बदला. आत जुना भाडेकरू असेल तर ताबा म्हणजे रिकामं घर, असं करारात स्पष्ट हवं. भाडेकरूसकट घेतलंत तर त्याचा नोंदलेला करार आणि अनामत तुमच्याकडे वर्ग झालेली हवी.

सोसायटीला सभासदत्वाचा अर्ज लगेच द्या. महापालिका क्षेत्रात हस्तांतराचा प्रीमियम कमाल २५,०००, ट्रान्सफर फी ५००. 'इमारत निधी' किंवा 'ऐच्छिक देणगी' या नावाखाली लाख मागितले तर लेखी मागा. लेखी कोणी देत नाही. अर्ज नाकारायचा असेल तर सोसायटीने तीन महिन्यांत कळवायचं असतं, नाहीतर सभासदत्व दिलं असं कायदा मानतो. म्हणून अर्जाची पोच तारखेसह घ्या. आदर्श उपविधींनुसार विक्रीला सोसायटीची ना-हरकत सक्तीची नाही, मात्र बँक ती मागतेच. म्हणून सेक्रेटरीशी पहिल्या दिवसापासून नीट वागलेलं कामाला येतं.

वीज आणि घरपट्टीचं नामांतर इंडेक्स टूच्या प्रतीवर होतं. भाडेकरू आणलात की लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीचा भाडेकरार) नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती त्याच आठवड्यात द्या, आणि कराराची एक प्रत सेक्रेटरीकडे.